डाळ शिजेल तेवढंच पाणी

आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी त्या वर्षी इतकं खारट झालं होतं, की वहिनीला ताकात मीठ घालावं लागत नसे. पाहुणा हातपाय धुऊन ओसरीवर टेकला, की वाळता वाळता त्याच्या पोटऱ्यांवर पांढरी रांगोळी उमटायची, आणि दावणीचा बैल मान लांब करून त्याचे पाय चाटायला बघायचा. एक बेडूक विहिरीत पडला तो वर्षभर लोणच्यासारखा मुरून टिकला. यातलं बेडकाचं मी स्वतः पाहिलेलं नाही. बाकीचं सगळं पाहिलेलं आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनतीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव वरवट बकालापासून बैलगाडीनं तासाभरावर. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा नदी, आणि मधल्या काळ्या जमिनीच्या पोटात कोण्या युगातला समुद्र विसरून राहिलेला. खारपाणाचा पट्टा म्हणतात तो हाच. इथं कुठंही खणा, खारंच पाणी लागणार. फक्त नाल्याच्या काठाला डोंगराकडून आलेलं पावसाचं पाणी मुरतं आणि त्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक थर तरंगत राहतो, दुधावर साय राहते तसा. गावाची भाजी, गावाची तहान आणि गावाची भांडणं, सगळं त्या सायीवर.

मी तेव्हा गुजरातेत होतो. तिकडं जमिनीत तेल सापडलं होतं आणि मॅट्रिकला गणितात बरे मार्क असल्याच्या पुण्याईवर मला तेलविहिरींवर मोजणीदाराची नोकरी लागली होती. एका उन्हाळ्यात वहिनीचं पोस्टकार्ड आलं. वहिनी तिसरीपर्यंत शिकलेली. शब्द जपून वापरायची. कार्डावर एवढंच होतं: "डाळ शिजत नाही. या."

बाहेरच्या माणसाला हे पत्र म्हणजे स्वयंपाकाची तक्रार वाटेल. आमच्याकडे ती तार होती. तुरीची डाळ खाऱ्या पाण्यात शिजत नाही. सकाळपासून चुलीवर नाचते आणि संध्याकाळी खड्यासारखी ताटात पडते. डाळ शिजत नाही याचा अर्थ विहीर खारट झाली, आणि विहीर खारट झाली याचा अर्थ मळा चालला. मी महिन्याची रजा टाकली आणि निघालो.

मळा माझ्या थोरल्या भावानं उभा केलेला. वडील गेले तेव्हा तिथं फक्त विहीर आणि बोरीची दोन झाडं होती. भावानं वांगी लावली, मिरची लावली, कांद्याचं बी धरलं. भाऊ बायकोशी दिवसाला चार शब्द बोलायचा आणि वांग्यांशी चारशे. मी गेलो तेव्हा तो वाफ्यात उकिडवा बसून एक पान उलटसुलट करून पाहत होता. पानाच्या कडा चिलमीवर धरल्यासारख्या जळालेल्या.

"कवा आला?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"आत्ताच. किती दिवस निघतील?"

"मिरची पंधरा दिस काढन. वांग्याचं काई खरं नाई. अन् खारं पानी असंच बसत राह्यलं त ह्या जमिनीचा दगड होइन. मंग तीन साल काई येत नाई अथी."

भाऊ एका दमात एवढं बोलला, यावरूनच मी ओळखलं की प्रकरण हाताबाहेर गेलं आहे.

कारणही समोरच धडधडत होतं. भावानं आदल्या वर्षी मोट सोडून तेलाचं इंजिन बसवलं होतं. आमच्या वरच्या अंगाला गावनात्यानं मामा लागणाऱ्या एका गृहस्थांचा मळा. त्यांनी पाच घोड्यांचं इंजिन आणलं, म्हणून भावानं आठाचं आणलं. दोघं इंजिनं चालवत नसत, एकमेकांवर सोडत असत. मामांचं इंजिन सुरू झालं की "हा माह्यं पानी वढते" म्हणून भाऊ धावत जाऊन आपलं सुरू करायचा, आणि ते ऐकून मामा आपल्याचा वेग वाढवायचे. त्या दोन इंजिनांच्या आवाजानं गावातल्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या होत्या, आणि दोन म्हाताऱ्या ठणठणीत बहिऱ्या झाल्या होत्या. त्या आधीपासून थोड्या होत्याच म्हणा.

संध्याकाळी मामा ओसरीवर आले. तेलाच्या विहिरींबद्दल साऱ्या गावाला उत्सुकता.

"कावून गा भाचे, तेलाच्या इहिरीवर मोट चालते का इंजिन?"

"दोन्ही नाही मामा. जमिनीखाली दाब असतो. तेल आपोआप वर येतं."

"आपोआप येते? मंग तुले पगार कायचा देतात?"

"ते येऊ न देण्याचा."

मामा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी गुजरातेत जाऊन दारू प्यायला लागलो होतो. पण मी खरं तेच सांगत होतो. तेलाच्या विहिरीच्या तोंडाशी एक जाड लोखंडी चकती बसवतात, तिला मधोमध बारीक भोक. तेल त्या भोकातून येईल तेवढंच यायचं. भोक केवढं ठेवायचं, कोणती विहीर किती सोडायची आणि कोणती मिटवायची, हे सगळं गणित. कारण तिकडंही आमच्यासारखीच रचना: वर तेल, खाली खारं पाणी. एखादी विहीर हावरटासारखी ओढली, की खालचं पाणी टेकडीसारखं फुगून वर येतं आणि विहिरीच्या तोंडात घुसतं. मग तेल राहतं बाजूला आणि नळीतून येतं मीठपाणी. विहिरी जवळजवळ असल्या की टेकड्या एकमेकींच्या खांद्यावर चढतात. म्हणून सगळ्या विहिरींचा एकत्र विचार करून अशी वाटणी काढायची, की मिळून तेल जास्तीत जास्त निघेल आणि कोणाच्याही तोंडात पाणी जाणार नाही. आमच्या वरच्या साहेबानं, तो रशियातून आलेला होता, हे मला काचेच्या बरणीत रॉकेल आणि पाणी घालून, काचनळीनं ओढून दाखवलं होतं.

मी म्हटलं, मामांना हेच दाखवू. वहिनीनं लोणच्याची काचेची बरणी धुऊन दिली. तीत मीठपाणी घातलं, हळद टाकून पिवळं केलं आणि वरून जवसाचं तेल ओतलं. काचनळी कुठली? पपईच्या पानाचा पोकळ देठ आणला.

"आता पाहा. मी हळूहळू ओढतो."

हळू ओढलं. पिवळं पाणी जागचं हललं नाही. तोंडात आलं ते निव्वळ जवसाचं तेल. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की साहेब नळीला रबरी फुगा लावायचा, तोंड नाही. पण भाऊ बघत होता, मामा बघत होते, वहिनी दाराआडून बघत होती. गणिताची इभ्रत माझ्या जिभेवर होती. मी गिळलं.

"आता जोरात." जोरात ओढलं. हळदीचं पाणी टोकदार टेकडीसारखं वर चढलं आणि देठात शिरलं. भावानं डोळे बारीक केले.

"अजून एकडाव," मामा म्हणाले.

मी पाच वेळा दाखवलं. सहाव्यांदा मामांनी फक्त गंमत म्हणून दाखवायला लावलं. त्या प्रयोगाचा परिणाम माझ्या पोटावर दोन दिवस राहिला, पण टेकडी दोघांच्याही डोक्यात बसली.

दुसऱ्या दिवशी मी आलेखाचा कागद पसरला. आडव्या रेघेवर भावाच्या इंजिनाचे तास, उभ्या रेघेवर मामांचे. भावाची विहीर एवढ्या तासांपुढे खारट होते, ही एक रेघ. मामांची एवढ्यापुढे, ही दुसरी. दोघं मिळून एवढ्यापुढे गेले तर दोन्ही खारट होतात, ही तिसरी तिरपी रेघ. रेघांच्या आत राहायचं आणि जास्तीत जास्त गोडं पाणी काढायचं. अशा गणिताचं उत्तर कायम कोपऱ्यात सापडतं, घरातल्या हरवलेल्या वस्तूसारखं. माझा कोपरा म्हणत होता: भाऊ दोन तास, मामा तीन तास, तेही इंजिन निम्म्या वेगानं.

मोजमापाला यंत्र नव्हतं. वहिनीची डाळ होती. रोज सकाळी दोन विहिरींचं पाणी, दोन मडकी, दोन्हींत मूठ मूठ डाळ, आणि मी गुजरातेतून आणलेलं गजराचं घड्याळ चुलीशेजारी. वहिनी डाळीचा दाणा बोटात चिरडून निकाल द्यायची. साहेबाच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्यांपेक्षा ते बोट जास्त बिनचूक होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

"आठ घोड्याचं इंजिन घेतलं ते दोन तास चालवाले?" भाऊ म्हणाला. तरी मारुतीसमोर दोघांनी नारळ फोडून शब्द दिला: चार दिवस गणिताप्रमाणे.

चौथ्या दिवशीही डाळ शिजली नाही.

वहिनीनं दाणा बोटात धरला, चिरडेना, आणि तो माझ्या तळहातावर ठेवला. भाऊ म्हणाला, मामा चोरून चालवतो. मामा म्हणाले, तुहा भाऊ चोरून चालवते. दोघंही माझ्याकडे असे बघत होते, की चोर कोणीही असो, मार मला पडणार हे नक्की. पण दोघांनीही शब्द पाळला होता. इंजिन काही लपून चालवायची वस्तू नाही. ते चाललं असतं तर त्या दोन म्हाताऱ्यांनासुद्धा ऐकू आलं असतं.

मी कागद घेऊन नाल्याच्या काठी बाभळीखाली जाऊन बसलो. बेरजा तपासल्या, रेघा तपासल्या. सगळं बरोबर. दोन्ही इंजिनं बंद होती, म्हणून रान शांत होतं. आणि त्या शांततेत मला एक आवाज ऐकू आला: कुईं... कुईं... धबाक. पुन्हा कुईं... कुईं... धबाक. नाल्यापलीकडे मोटेचं चाक फिरत होतं. जन्मापासून ऐकत आलेला आवाज. इतका ओळखीचा, की तो मी कधी ऐकलाच नव्हता.

पलीकडे तिसरी विहीर होती. ती माझ्या कागदावर नव्हती.

का नव्हती? मी विसरलो असं म्हणालो असतो, तर विहिरीतल्या बेडकापेक्षा मोठी थाप झाली असती. आमच्या आळीत कोणालाही विचारा, नाल्यावर विहिरी किती? तो दोन म्हणेल. तिसरी विहीर गावाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या एका माणसाची. त्यांच्या घरानं काही वर्षांमागं बुद्धाचा धम्म घेतला होता. त्याआधी गाव त्यांना कशानं हाक मारायचं ते गावाला माहीत आहे. ती विहीर त्यांच्या बापानं मुरूम फोडून खणली होती. तिच्यावर आमच्याकडचं कोणी पाण्याला जात नसे, म्हणून ती आमच्या मोजणीत विहीर नव्हती. गुजरातेत मी जमिनीतलं बोटाएवढं भोकही नकाशावर टिंब देऊन मांडत होतो, आणि स्वतःच्या गावात चार पुरुष खोल विहीर मला दिसली नव्हती. खालच्या खाऱ्या पाण्याला मात्र ती बरोबर दिसत होती.

मी नाला ओलांडून गेलो. ते गृहस्थ वडिलांच्या वयाचे. लहानपणापासून मी त्यांना अरेतुरे करत आलेलो. त्या दिवशी तोंडातून आपसूक "दादा" निघालं.

त्यांनी बैल थांबवले. आधी माझ्याकडे, मग बैलांकडे पाहिलं, जणू दादा म्हणून मी बैलाला हाक मारली असावी. "या साहेब. रस्ता चुकले का?"

"मोट किती वेळ चालते रोज?"

"बैल नाई म्हनत तवरिक."

"दादा, आमच्या रशियाच्या साहेबानं शिकवलं तसं मी सगळ्यांच्या पाण्याचं गणित करतोय. त्यात तुमची विहीर घ्यायची राहिली."

"गावाच्या गनितात ते येत नाई," ते शांतपणे म्हणाले. "तुह्या रशियावाल्याच्या गनितात येते का?"

"येते."

"मंग त्यालेच पाठवाचं होतं. तुले कायले तरास?"

पण माणूस मनानं मोकळा होता आणि कुतूहल त्यांना माझ्यापेक्षा जास्त. मी बाटलीला दोरी बांधली, बुचाला दुसरी. बाटली पाहिजे तेवढी खाली सोडायची, मग बूच ओढायचं, म्हणजे त्या खोलीचं पाणी मिळतं. आम्ही दोघांनी मिळून हात हात खाली जात पाणी चाखलं. मग आमच्या विहिरीत तशीच बाटली सोडली, तर वर अडीच हात मचूळ पाणी आणि खाली निव्वळ खारं. दादांच्याकडे अकरा हात गोडं! नाला तिथं वळतो, वाळू साचते, पाणी मुरतं. सगळ्यात जाड साय दादांच्या विहिरीत होती.

"दादा, तुम्ही मोट ठेवली म्हणून पाणी राखलं. शहाणपणा केला."

"कायचा शहानपना बे!" ते खो खो हसले. "मले इंजिन भेटलं असतं त मीबी तुह्या भावाच्या वर खारं केलं असतं. भेटलं नाई म्हनून शहाना राह्यलो."

आता गणितात तीन विहिरी झाल्या आणि अडचण झाली. कागदाला दोनच दिशा असतात. मी वहिनीकडे तांबडा भोपळा मागितला. त्याच्या एका टोकाला तीन सपाट बाजू कापून कोपरा केला: एक बाजू भावाच्या तासांची, एक मामांची, एक दादांची. मग जी जी मर्यादा होती, ती ती विळ्यानं भोपळ्यावर उतरवायची. इथवर चालेल, पुढचं कापा. एकेक मर्यादा म्हणजे एकेक सपाट काप. शेवटी अनेक तोंडांच्या खड्यासारखा एक तुकडा उरला, आणि त्याच्या कोणत्या कोपऱ्यावर तिन्हींची बेरीज मोठी ते मी सुतानं मोजत बसलो. उडालेले काप वहिनी ताटलीत गोळा करत होती.

"झालं का भौजी गनित? फोडनी देऊ?"

"झालं," मी म्हणालो. कोपरा सापडला होता. मामांचे तीन तास. दादांच्या विहिरीवर आठ घोड्यांचं इंजिन, सहा तास. आणि भावाची विहीर: शून्य.

दुसरीकडे कुठंही असा कोपरा सापडला असता तर साहेबानं टाळी दिली असती. इथं मला तो भावाला सांगायचा होता.

"शून्य म्हंजे?"

"म्हणजे बंद. तुझी विहीर खाऱ्याच्या अगदी जवळ आहे. ती ओढली की टेकडी सगळ्यांच्या बुडाशी येते. इंजिन पलीकडे न्यायचं, दादांच्या विहिरीवर. तिथून पाटानं पाणी तुझ्या मळ्याला. आताच्या दुप्पट मिळेल, आणि गोडं."

"बापानं खनलेली इहीर बंद करू?" भाऊ उभा राहिला. "अन् पानी कोनाचं घेऊ? त्याच्या इहिरीचं?"

 भोपळ्यात यावर काप नव्हता.

वहिनी आतून दोन वाट्या घेऊन आली आणि भावापुढे ठेवल्या. "हे आपल्या इहिरीवरची डाळ. खडे हायेत. हे पलीकडची. सकाळी मी जाऊन आनलं पानी. शिजली. मी खाल्ली, मले काई झालं नाई. तुमाले जे पाह्यजे ते खा."

भावानं दोन्ही वाट्या सरकवल्या आणि भाकरीवर ठेचा घेतला. तीन दिवस तो भाकरी-ठेच्यावर राहिला. रोज सकाळी दोन वाट्या समोर यायच्या, रोज तो त्या बाजूला करायचा. तिखटानं त्याचे डोळे लाल झाले होते. ठेच्याचा वास इतका, की भाऊ ज्या वाटेनं जाई त्या वाटेवरची कुत्री शिंकत. पण हट्टानं तो पोलादाचा होता.

चौथ्या दिवशी तो पहाटे मळ्यात गेला आणि लगेच परत आला. हातात मिरचीचं एक झाड होतं, मुळासकट उपटलेलं. शेंड्यापर्यंत कडा जळालेल्या. ते त्यानं उंबऱ्याशी ठेवलं, पायताण घातलं आणि मला म्हणाला, "चाल."

आम्ही नाला ओलांडला. मागून पन्नास पावलांवर मामा येत होते. बकरी हरवली म्हणून शोधतो म्हणाले. मामांकडे बकरी कधीच नव्हती.

दादा मोटेवरच होते. त्यांनी बैल थांबवले, दगडावरचं उपरणं बाजूला करून भावाला जागा केली. भाऊ बसला नाही.

"माह्या भावानं सांगतलं असन," भाऊ म्हणाला.

"सांगतलं. इंजिन अथी बसवाले माही ना नाई. पाटाचं पानी अगुदर माह्या वावरातून जाइन, अन् आपल्या तिघायचे वाटे सारखे. पन एक गोठ हाय."

"काय?"

"पानी पिऊन पाह्य."

भाऊ विहिरीत डोकावला. "दिसून राह्यलं न. चांगलं हाय पानी."

"डोळ्याले गोड दिसत नाई, बाप्पा. चव पाह्य लागते. उद्या म्हनशीन, खारं दिलं." दादांनी आपला पितळी लोटा मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात बुडवून भरला आणि पुढे केला. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर भावाला सोपं गेलं असतं.

मी अनेक विहिरी पाहिल्या आहेत, त्यांतली एक तर फुटून आभाळाएवढी उडाली होती. पण त्या लोट्याएवढा दाब मी कुठल्याच विहिरीच्या तोंडाशी पाहिला नाही. बैलांनी कान हलवायचे थांबवले. मामा बकरीला विसरून चवड्यांवर उभे राहिले.

भावानं लोटा घेतला. तोंडाला लावला. एक घोट घेतला आणि थांबला. मला वाटलं, संपलं. मग तो प्यायला लागला, आणि पीतच राहिला. तीन दिवसांचा ठेचा होता पोटात. लोटा रिकामा करून त्यानं पुढे केला. "अजून."

दादांनी दुसरा भरून दिला. तोही गेला. तिसऱ्याला दादांनी लोटा मागे घेतला.

"अबे, बस कर! माह्या इहिरीचा थर उतरून राह्यला. तुह्या भावाचं गनित बिघडन!"

आधी मामा हसले, तेही नाल्याच्या आमच्या काठावरून, म्हणजे तिथून ऐकू येण्याइतकं मोठ्यानं. मग भाऊ. भावाला हसताना मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. हसता हसता तो दगडावर बसला, त्याच उपरण्याशेजारी.

इंजिन हलवायला दोन बैलजोड्या आणि सोळा माणसं लागली. गावात हल्ली चाळीस सांगतात आणि मी कोणाला अडवत नाही. नाल्यावरून पत्र्याची पन्हळ टाकली. इंजिनाच्या नळीला मी सुताराकडून बाभळीच्या लाकडाची भोक पाडलेली चकती बसवून घेतली, म्हणजे कोणाला मोह झाला तरी पाणी ठरल्यापेक्षा जास्त यायचं नाही. मामांच्याही नळीला एक बसवली. मामा महिनाभर म्हणत होते की त्यांचं भोक लहान आहे. दोन्ही भोकं वहिनीनं एकाच लाटण्याच्या टोकानं मापून दिली होती.

माझी रजा संपायच्या दोन दिवस आधी वांग्याच्या बुडख्यांना नवीन पानं फुटली, उंदराच्या कानाएवढी, हिरवीगार, कडा शाबूत. त्या सकाळी वहिनीनं दोन्ही चालू विहिरींची डाळ लावली. घड्याळाचा गजर व्हायच्या आत दोन्ही मडक्यांतून शिजल्याचा वास आला. भावानं चार वाट्या खाल्ल्या. कोणती कुठली, त्यानं विचारलं नाही, आणि वहिनीनं सांगितलं नाही.

परत गेल्यावर मी साहेबाला सगळं सांगितलं. चकत्या, टेकडी, बाटली, भोपळ्यातला कोपरा, सगळं. त्यानं गंभीरपणे मान डोलावत ऐकलं आणि शेवटी तोडक्या हिंदीत एकच प्रश्न विचारला, "बाकी कद्दू का क्या किया?"

"खाया," मी म्हणालो. "दाल के साथ."

भावाची विहीर बंदच राहिली. तिच्यावर त्यानं फळ्या टाकल्या, बाभळीच्या काट्या लावल्या. पण रोज सकाळी मळ्यात शिरला की आधी एक फळी सरकवून आत बघायचा. पुढच्या उन्हाळ्यात मी रजेवर गेलो तेव्हा त्यानं मला मुद्दाम तिकडं नेलं. बाटली सोडून आम्ही चाखलं. पाच हातांपर्यंत गोडं पाणी परत आलं होतं.

"आता थोडी चालवता येईल," मी म्हणालो. "नवं गणित करून देऊ? भोपळा आहे का घरात?"

भावानं फळी परत जागेवर ठेवली, हळू, आत कोणी निजलेलं असावं तशी. "राहू दे," तो म्हणाला. "चाल, पलीकडे दादाच्या मळ्यावर जेवाले बलावलं हाय. उशीर झाला त थो मामा सगळी डाळ खाऊन टाकन."